बाबा, ब्लूज आणि पेटी

मंडळी, एक काम आहे तुमच्याकडे. पण आधी आज सकाळी काय झालं ते सांगते.

आई गेल्यावर बाबा पुण्याहून आमच्याकडे सिंगापूरला, टॅम्पनिसला आलेत. आई गायची, बाबा पेटीवर साथ करायचे. पेटी पुण्यातच राहिली. "गाणारीच नाही, तर साथ कुणाची करू?" म्हणाले.

आज नाश्त्याच्या वेळी नवऱ्याने एका जुन्या अमेरिकन ब्लूज गिटारवाल्याचं गाणं लावलं. लहानपणी कापसाच्या शेतात राबलेला माणूस. एक ओळ गातो, थांबतो, मग गिटार उत्तर देते. फार सूर नाहीत, पण तार ओढून एकेक सूर असा वळवतो की ऐकत राहावं.

बाबांनी पोहे बाजूला ठेवले. "साथीदार समजूतदार आहे. गाणाऱ्याच्या मध्ये मध्ये करत नाही. मींड तर काय घेतोय! कोण आहे?"

"आजोबा, सेम पर्सन लाह!" माझी लेक सई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

बाबांना पटेना. मग नवऱ्याने व्हिडिओ दाखवला. गाताना त्याचे हात गिटारवर नुसते ठेवलेले. ओळ संपली की डोळे मिटून वाजवायचा.

बाबांनी तो पुन्हा लावायला सांगितला. "म्हणजे स्वतःच गायचं, स्वतःच साथ करायची. जमतं म्हणायचं."

थोड्या वेळाने किचनमध्ये येऊन हळूच विचारलं, "इथे पेटी मिळेल का गं?"

तर सिंगापुरात कुणाकडे पेटी नुसती पडून आहे का? कुठेही असाल तरी मी येऊन घेऊन जाईन. बाबांना गाताना मी आजवर कधीच ऐकलेलं नाही.