सुलोचना सिस्टर आणि बाटलीतलं पाणी

जामजवळच्या एका सरकारी दवाखान्यात सुलोचना सिस्टर सतरा वर्षांपासून आहेत. शिक्षण सेवाग्रामला झालं. लग्न जमता जमता राहिलं, आई गेली, भाऊ गजेंद्र नागपूरला स्थिरावला. दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये त्या एकट्याच राहतात. एका वाटी तांदळासाठी कुकर लावावासा वाटत नाही, म्हणून पुष्कळदा मुरमुऱ्यांवरच भागतं.

कामात मात्र त्या भारी कडक. आसपासच्या गावांत सलाईनची बाटली टांगली की माणूस बरा झाला, असा लोकांचा समज. बाटलीत काय आहे हे कोणी विचारत नाही. आचल नावाची नवी नर्स आली, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्यापुढे तीन बाटल्या मांडल्या.

"सांग, फरक काय?"

"मॅडम, सारख्याच दिसून राह्यल्या."

"म्हणूनच लेबल वाचत जाजो. हे मीठपाणी. हे साखरपाणी. यातली साखर शरीरात जिरते, मागं नुसतं पाणी उरते. डोक्याले मार लागलेल्याले हे लावलं तर मेंदूची सूज वाढते. अन् हे आरएल. यात मिठासंगं पोटॅशियम, कॅल्शियम असते. हगवणीनं सुकलेल्याले बहुतेक हेच लागते. पण हृदय कमजोर असलं, तर यातली कोणतीबी बाटली जिवावर येऊ शकते."

हृदय कमजोर असलेली एक बाई दर आठवड्याला यायची. रुख्माबाई. सत्तरी ओलांडलेली, नवरा गेलेला, मुलगा योगेंद्र पुण्याला नोकरीत. "आंगात ताकदच नाई राह्यली, बाई. एक सलाईन लावून दे," एवढंच तिचं मागणं. सुलोचनाबाई गोळ्या द्यायच्या आणि परत पाठवायच्या. एकदा रांग मोठी होती, त्यांचा तोल सुटला.

"आजी, तुमच्या आंगात आधीच पाणी जास्त झालं आहे. अजून काऊन पाह्यजे? गोळ्या संपल्याशिवाय येऊ नका!"

रांगेतले लोक हसले. रुख्माबाई निघून गेली.

चौथ्या दिवशी दुपारी तिच्या शेजारचा लहानू तिला ऑटोत घालून घेऊन आला. शेजारच्या गावात घरीच सलाईन लावणाऱ्या एकाकडे ती गेली होती. त्यानं लागोपाठ दोन बाटल्या चढवल्या, दुसरी अजून हाताला तशीच होती. रुख्माबाईला धाप लागली होती, आडवं होता येत नव्हतं, ओठ निळे पडले होते. सुलोचनाबाईंनी आधी नळी बंद केली. तिला पाय खाली सोडून बसवलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी सांगताच अंगातलं पाणी उतरवायला लघवीचं इंजेक्शन दिलं. आचलनं १०८ ला फोन केला. सोबत जायला घरचं कोणीच नव्हतं, म्हणून गाडीत सुलोचनाबाई स्वतःच बसल्या. सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत म्हातारीनं त्यांचं मनगट सोडलं नाही.

तीन दिवसांनी त्या तिला भेटायला वॉर्डात गेल्या. म्हातारी उशाला टेकून बसली होती.

"नाई म्हटलं होतं ना मी? मग काऊन गेल्या तिथं?"

रुख्माबाई म्हणाली, "सलाईन लागली का दोन-तीन तास कोणी ना कोणी येऊन पाह्यते, बाई. हाताले हात लावते. गोळी घेऊन घरी गेली, तर कोण पाह्यते मले?"

रागावल्याबद्दल माफी मागावी असं सुलोचनाबाईंच्या मनात आलं, पण ती मागितली नाही. त्यांनी तिचं पांघरूण नीट केलं आणि बसस्टँड गाठलं. सेवाग्रामहून तिला सुटी मिळाली की म्हणायचं, रोज दुपारी आपल्या दवाखान्यात येऊन बसत जा, बाटली न लावता, असं त्यांनी वाटेतच ठरवून टाकलं.

ते सांगायचं राहूनच गेलं. पुढच्या आठवड्यात योगेंद्र आला आणि आईला थेट पुण्याला घेऊन गेला. लहानूनं सांगितलं तेव्हा तिला पुण्याला नेऊन दोन दिवस झाले होते. सुलोचनाबाईंनी त्याच्याकडून तिचा नंबर घेतला आणि रविवारी फोन लावला.

"कोण?"

"मी सुलोचना. जामची सिस्टर."

"हाव का? बोल, बाई."

बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं. तब्येत कशी आहे, औषधं वेळेवर घेता का, एवढं विचारून झालं. रुख्माबाई म्हणाली, "इथं सगळे सकाळीच कामाले जातात. मी पाचव्या मजल्यावर. खाली उतरता येत नाई."

"मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलली तुमाले. तसं बोलाले नको होतं."

"कोणत्या दिवशी?" म्हातारीनं विचारलं. तिला खरंच आठवत नव्हतं.

आता त्या दर रविवारी फोन लावतात. कधी उचलला जातो, कधी नुसता वाजत राहतो.