चार लिफाफे आणि एक कार्ड

आमच्या ह्यांना डोंगराचं वेड लागलं ते एका नकाशामुळे. लढाईची वर्षं होती. ह्यांचे एक मित्र भिंगारला लष्करी कचेरीत कारकून होते, त्यांना मी भावजी म्हणायची. त्यांनी कुठल्याशा जुन्या पुस्तकातून अकोले तालुक्याचा नकाशा पातळ कागदावर गिरवून आणला आणि त्या दिवसापासून आमच्या नगरच्या माळीवाड्यातल्या दोन खोल्यांपैकी एका खोलीत पाय ठेवायची सोय उरली नाही. नकाशा जमिनीवर पसरलेला, चार कोपऱ्यांवर माझ्या चार वाट्या, आणि दोघे बाप्ये त्याच्यावर ओणवे. बेत असा की दिवाळीच्या सुट्टीत राजूरपर्यंत मोटारीनं जायचं आणि तिथून चालायचं. आधी कळसूबाई, मग रतनगड, मग कुमशेत-पाचनईवरून हरिश्चंद्रगड. सहा दिवस. मुक्काम वाटेतल्या खेड्यांत.

"कळसूबाई पाच हजार चारशे फूट आहे," हे मला दिवसातून दोनदा सांगायचे. जसं काही ह्यांनीच ती रचली होती!

मी आतून भाकऱ्या थापत ऐकायची. मला कुणी काही विचारलं नाही. खरं तर विचारायला हवं होतं. पाचनईच्या अलीकडे, जिथे भावजी नेमका चहाचा कप ठेवायचे, त्या वाडीत मी लहानाची मोठी झाले होते. माझे वडील तिथे लोकल बोर्डाच्या शाळेवर मास्तर होते. हे ह्यांना लग्न ठरताना सांगितलेलं होतं. पण बायकोचं बालपण कुठल्या गावात गेलं हे लक्षात ठेवायला नवरे थोडेच असतात!

एके दिवशी मात्र मला राहवलं नाही. हे मूळचे नगरकडच्या दुष्काळी कर्जतचे. तिकडे चैत्रात विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी भरतात, तेव्हा ह्यांच्या डोक्यात प्रवास म्हटलं की पहिलं पाणी. तर ह्यांनी कागदावर हिशेब मांडला, तीन माणसं, सहा दिवस, म्हणजे इतक्या घागरी, आणि त्या वाहायला राजूरहून एक गाढव भाड्यानं. तिसरे होते ह्यांच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर. ते म्हणाले, एक कशाला, दोन घ्या.

"अहो, त्या मुलखात दिवाळीत पावलापावलाला ओढे वाहत असतात," मी आतून म्हणाले. "गाढवं काय पोहायला नेताय?"

बाहेर भावजी खो खो हसले, आणि ह्यांनी गाढव खोडलं. इतकं खोडलं की कागद फाटला. तेव्हा कुठे ह्यांना आठवलं की आपली बायको त्या बाजूची. पण आठवून तरी काय? "तिकडे थंडी किती असते?" एवढं विचारून झालं आणि पुन्हा तिघं नकाशात बुडाले.

मुक्कामाची सोय म्हणून ह्यांनी चार गावांच्या पाटलांना चार पत्रं लिहिली. शाळेतल्या मास्तरांचं मराठी ते, काय विचारता! 'सदरहू तारखेस तीन इसम आपले गावी येत असून त्यांच्या निवासाची व भोजनाची व्यवस्था ठेवणेची तजवीज व्हावी.' खाली सही, सहीखाली शाळेचा गोल शिक्का, आणि सगळं लांबट लिफाफ्यात. वर भावजींनी भिंगारच्या बाजारातून तिघांसाठी जुन्या खाकी चड्ड्या नि बूट आणून ठेवले होते, त्याचाही पत्रात उल्लेख, 'इसम खाकी पोषाखात असतील, ओळख पटावी.'

तीन आठवडे काही नाही. मग एका पाटलाचं उत्तर आलं. 'आमचे गावी यंदा भात बुडाले आहे. कोणाचे घरी चिमूटभर दाणा नाही. साहेबांनी येण्याची तसदी घेऊ नये.'

मला इतकं हसू आलं की मी पदर तोंडात कोंबला. ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "हसायला काय झालं?"

"तुम्हाला लेव्हीवाले समजलेत ते!" मी म्हणाले. लढाईपायी सरकार तेव्हा घरोघरचं धान्य मोजून नेत होतं. शिक्क्याचं पत्र आणि खाकीतले तीन इसम म्हटल्यावर कोण दार उघडणार? "तुम्ही पोचायच्या आत गाव कणग्या घेऊन रानात जाईल."

"मग तू लिही," हे चिडून म्हणाले.

"लिहीन. पण मी लिहीन ते मी येणार म्हणून लिहीन. खोटं लिहायची नाही."

हे माझ्या तोंडून निघून गेलं. मला जायचं होतं, किती जायचं होतं ते त्या क्षणी मला कळलं. मी दहा वर्षांची असताना आई त्या वाडीतच तापानं गेली. पुढे दोन वर्षं शेजारच्या मावशीनं मला न्हाऊ घातलं, माझी वेणी घातली. नात्याची कुणी नाही, भाताची खाचरं करणारी बाई. मग वडीलही गेले, काकांनी मला नगरला आणलं, सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलं आणि ते बदलीवर खानदेशात गेले ते गेलेच. दिवाळी आली की आळीतल्या बायका ट्रंका भरायच्या. मला कुणी विचारलं तर मी म्हणायची, "मला बाई कुठे जायला आवडतच नाही." साफ खोटं. त्या गेल्या की मी उगाच स्वच्छ डबे पुन्हा घासायची.

बाईमाणूस डोंगरात जाणार हे ऐकून सासूबाई आकांडतांडव करतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातली सुपारी आधी नीट कातरली. मग म्हणाल्या, "बोलावणं आलं तर जा. नवरा बरोबर आहे, माझी ना नाही. पण बिनबोलावता माझी सून कुणाच्या उंबऱ्यावर उभी राहायची नाही."

मला त्यांचा राग आला, आणि त्यांचं बरोबर आहे हेही कळत होतं. आठ वर्षं मी त्या वाडीला एक ओळ लिहिली नव्हती. कुठल्या तोंडानं जायचं?

मी साधं कार्ड लिहिलं. मावशीच्या नावानं. तिला वाचता येत नव्हतं, पण वडिलांनी वाडीतल्या बऱ्याच पोरांना अक्षर शिकवलं होतं, कुणीतरी वाचेल म्हटलं. 'मी मास्तरांची मुलगी. माझं लग्न झालं. आम्ही चौघं गडावर जायला निघणार आहोत, तर एक रात्र तुझ्याकडे येऊ का?' एवढंच. 'तुला मी आठवते का' असं लिहिलं होतं, ते खोडलं.

कार्ड गेल्यावर बेताला खरं रूप आलं. खाकी चड्ड्या गाठोड्यात बांधून ठेवल्या. धोतराचे काचे मारून चालायचं ठरलं. बाजरीचं पीठ न्यायचं नाही, तिकडे तांदूळ मिळेल. त्याऐवजी मीठ, गूळ आणि चहाची पूड न्यायची, ती त्यांना उपयोगी. हे सगळं मी सांगायची आणि हे लिहून घ्यायचे. भावजींचा चहाचा कप मी नकाशावरून उचलून लांब ठेवला. फार मजेचे दिवस होते ते. नुसते डोळे मिटले तरी कारवीचा वास यायचा.

पण उत्तर येईना. वाडीचं टपाल राजूरच्या बाजाराला जो जाईल तो आणतो, हे मला ठाऊक होतं. पहिला आठवडा मी तसं स्वतःला समजावलं. दुसऱ्या आठवड्यात पोस्टमन आळीतून पुढे गेला की मी ह्यांच्यावर डाफरायची. करंज्यांचा एक घाणा करपवला. हे बिचारे म्हणाले, "जाऊ दे, पुढल्या वर्षी बघू." मी म्हणाले, "पुढल्या वर्षी काय त्यांना माझी आठवण येणार आहे?" आणि त्यांच्या देखत रडले. सासूबाईंनी शब्द फिरवला नाही.

वसुबारसेच्या सकाळी मी दारात सडा घालत होते. खांद्यावर घोंगडी, डोक्याला मुंडासं, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं, असा एक माणूस येऊन उभा राहिला. काखेत फडक्यात बांधलेलं गाठोडं. माझ्याकडे बघत राहिला, म्हणून मी पदर सावरला.

"मास्तरांची पोर हितंच ऱ्हाती का?"

माझ्या हातातली बादली खाली गेली. सासूबाई आवाज ऐकून बाहेर आल्या. "कोण आपण?"

"मुराळी," तो म्हणाला.

सणाला लेकीला न्यायला माहेराहून माणूस येतो, तो मुराळी. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि आमच्या दारात हा शब्द पहिल्यांदाच कुणी उच्चारत होतं. तो मावशीचा थोरला मुलगा. राजूरपर्यंत पायी आणि पुढे पेट्रोलच्या टंचाईत कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं, असा दोन दिवस करत आला होता. गाठोड्यात नव्या भाताचे पोहे होते.

"कार्ड मिळालं होतं?" मी कसंबसं विचारलं. "मग उत्तर का नाही पाठवलंत? मी रोज वाट बघत होते."

तो गोंधळला. मी काहीतरी वेडंवाकडं विचारलं असावं असं त्याच्या तोंडावर होतं.

"उत्तर कशापायी धाडायचं, ताई? लेकीला कुनी कागुद धाडून बोलवतं व्हय? न्यायाला यायाचं असतंय. आई म्हनली, कापनी ऱ्हाऊ दे, आधी तिला घेऊन ये."

मी तशीच सड्याच्या पाण्यात उभी. हे आतून आले, ते माझ्या मागे थांबले. पहिल्यांदा हलल्या त्या सासूबाई. त्यांनी स्वतः आतून पाण्याचा तांब्या आणून त्याच्या पायाशी ठेवला आणि माझ्याकडे वळल्या.

"अगं, उभी काय राहिलीस? पाट मांड. तुझ्या माहेरचं माणूस आलंय."