पाहुण्याच्या खांद्यावरची बंदूक
शिलाई मशीनला तेल घातलं की त्या वासाने मला पोलिसाची बंदूक आठवते. निवडणुकीच्या बंदोबस्तासाठी हिंदी मुलखातल्या कटंगीजवळच्या आमच्या गावात पोलीस आले होते. त्यांतला एक वयस्क शिपाई उन्हाने कावून माझ्या दारात पाणी मागायला थांबला. दारी आलेल्याचं ओझं उतरवून आत ठेवायची आमची रीत. तो तोंड धुवायला वाकला, तशी तो काही म्हणायच्या आत मी त्याच्या खांद्यावरची बंदूक काढली आणि तांदळाच्या कोठीमागे ठेवून आले. तेवढ्यात त्याचा तरुण साहेब जीपमधून उतरला. “राइफल कहाँ है?” मी म्हटलं, “म्या काढली, अंदर ठेवली.” साहेब ओरडला, “पुलिस का हथियार छीना? सीधे जेल जाओगी!” घरात सुनेचे दिवस भरले होते, तिच्याजवळ दुसरं कोणी नव्हतं. शिपाई ओल्या तोंडानेच पुढे झाला. “छीनी नहीं साहब, मैंने ही रखने दी. गलती मेरी है.” साहेबाने त्याला सगळ्यांदेखत झापलं. बंदूक घेऊन जाताना शिपाई मला हळूच म्हणाला, “माय, आता पाहुण्याले निरं पाणीच देत जाय.” त्याला पुढे शिक्षा झाली, असं कळलं. तो साफ खोटं बोलला होता. खोटं बोलणारा माणूस मला आजही खपत नाही, पण त्या एका खोट्याला मी हात जोडते.