अण्णांच्या घड्याळातला बिघाड

माझ्या हातच्या कामाला कुणी नावं ठेवली की मला खपत नाही. बेळगावच्या खासबागेतल्या आमच्या घरात खिडकीशी एक टेबल आहे. तिथं बसून मी जुनी किल्लीची मनगटी घड्याळं खोलतो, धुतो, तेल देतो. शाळेत ड्रॉइंग शिकवतो, त्यामुळं तबकड्याही नव्यानं रंगवायची खोड लागली. घरचे ह्याला याड म्हणतात. म्हणू देत.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, घड्याळ निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या नोकरीपासूनचं. रोज सकाळी चहाच्या आधी ते त्याला किल्ली देतात. गेल्या वर्षी मी ते हट्टानं मागून घेतलं. पिवळी पडलेली तबकडी काढून गडद निळी बसवली. आकडे नाहीत, नुसत्या बारा रेघा. काच जुन्या धाटणीची, फुगीर. असलं देखणं घड्याळ अख्ख्या बेळगावात नसेल असं मीच सांगत सुटलो.

पंधरा दिवसांनी अण्णा म्हणाले, "तुझं घड्याळ मागं पडतंय रं."

बघितलं तर दीड तास मागं. मी ते परत खोललं, धुतलं, आठ दिवस माझ्या मनगटावर बांधलं. मिनिटाचा फरक नाही. अण्णांना दिलं, तर चौथ्या दिवशी तीन तास पुढं. किल्लीचं घड्याळ बिघडलं तरी असं मनाला येईल तसं चुकत नाही. एवढी घड्याळं खोलून मला हे कळत नव्हतं असं नाही. तरी चुंबकानं घड्याळ चुकतं म्हणून मी घरात लोहचुंबक शोधत बसलो. अण्णांच्या मोबाईलच्या कव्हरला चुंबक होतं, ते कव्हर फेकून दिलं.

मग एक दिवस मी शाळेतून आलो, तर अण्णा आंघोळ करून, धोतर नेसून, पिशवी घेऊन दारात उभे.

"सहाची उचगावची गाडी धरतो," म्हणाले. "सकाळच्या पारी मळ्यात जाऊन येतो."

घड्याळात सहाच वाजले होते. त्या दिवशी ते अगदी बरोबर होतं.

"अण्णा, संध्याकाळ हाय," मी म्हणालो.

त्यांनी रस्त्याकडं बघितलं. शाळेची पोरं घरी चालली होती. "तूच बिघडवलंस ते," असं म्हणून ते आत गेले.

जेवताना बायको म्हणाली, "अवो, घड्याळ ऱ्हाऊ द्या. अण्णांना दवाखान्यात दाखवा एकदा."

मी तिच्यावर खेकसलो. दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. मी भ्यालो की भांडतो, हे तिला लग्नापासून ठाऊक आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर उघडून अण्णांसमोर बसलो. त्यांनी किल्ली दिली, घट्ट होईपर्यंत, नेहमीसारखी. मग तबकडीकडं बघत राहिले. मनगट इकडं वळवलं, तिकडं वळवलं. किल्ली बाहेर ओढून काटे फिरवले, थांबले, परत फिरवले. मग मी बघतोय का, ते बघितलं. मी पेपर वर धरला.

नुसत्या रेघा म्हाताऱ्या माणसाला वाचता येईनात, एवढंच असेल, असं मी मनाला समजावलं. चूक माझीच असू दे, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. जुनी तबकडी मी डबीत जपून ठेवली होती. शाळेला दांडी मारली आणि दुपारपर्यंत ती परत बसवली. आकडे ठसठशीत, एक ते बारा. वेळ लावली, सेकंदकाटा पळायला लागला.

अण्णांच्या मनगटावर मीच पट्टा बांधला. "किती वाजलं, अण्णा?"

ते बघत राहिले. काच अंगठ्यानं पुसली, परत बघितलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"बंद पडलंय रं हे," अण्णा म्हणाले.

सेकंदकाटा फिरत होता. घड्याळ कानाशी न नेताही त्याची टिकटिक मला ऐकू येत होती.

"व्हय, अण्णा," मी म्हणालो. "माझंच काम कच्चं. द्या हिकडं, बघतो."

त्यांनी पट्टा सोडून घड्याळ माझ्या हातात दिलं, आणि जरा हलकं वाटल्यासारखे हसले. मी टेबलाशी जाऊन भिंग डोळ्याला लावलं. ते बघत होते, म्हणून झाकण उघडलं.