दाक्षायणीची दोरी

शिवगंगा अंगडी आमच्या हायस्कूलमध्ये पीटी शिकवायला आल्या, तेव्हा आठवीतली दाक्षायणी पीटीच्या तासाला चपला राखत बसायची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. बाकीच्या मुली मैदानावर, आणि ही कट्ट्यावर चपलांच्या ढिगाशेजारी. कुठली चप्पल कुणाची हे तिला नुसत्या हातानं कळायचं, याचं आम्हा शिक्षकांना फार कौतुक होतं. शिवगंगा अक्कोरूंना (आमच्याकडे शाळेतल्या बाईंना अक्कोरू म्हणतात) मात्र ते बघवेना.

त्यांनी दोन खांबांमध्ये कमरेएवढ्या उंचीवर दोरी ताणली, तीत लोखंडी कडी ओवली आणि खांबाच्या बऱ्याच अलीकडे एकेक जाड गाठ मारली. कडी धरून पळायचं, कडी गाठीला अडली की थांबायचं. दाक्षायणी आधी नुसती चालली. मग पळू लागली, आणि अशी पळू लागली की बाकीच्या मुलीही डोळ्यांवर ओढणी बांधून दोरीपाशी रांग लावू लागल्या. निम्म्या वाटेत त्यांचे पाय अडखळायचे. दाक्षायणी म्हणायची, "काय गं, चपला राखायला बसतेस का आता?"

एका शनिवारी व्हॉलीबॉलच्या मुलांनी जाळी बांधायला दोरीचं एक टोक सोडलं आणि खेळ संपल्यावर परत बांधलं. बांधताना गाठ थेट खांबाला जाऊन टेकली. सोमवारी दाक्षायणी भरधाव गेली ती खांबावरच आदळली. खांद्याजवळचं हाड मोडलं, पुढचा दात पडला. अक्कोरू दुसऱ्या टोकाला शिटी घेऊन उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी दोरी तपासली नव्हती.

हेडमास्तर हिरेमठांनी दोरी काढायला लावली. आवाज न चढवता म्हणाले, "अक्कोरू, तुमच्या हौसेपायी पोरगी जिवानिशी गेली असती." दाक्षायणीचे वडील मल्लेशप्पा मागावर लुगडी विणायचे. दवाखान्यात ते वाकडा शब्द बोलले नाहीत. ती चपलांपाशी बरी होती, एवढंच म्हणाले. अक्कोरूंना हिरेमठांपेक्षा तेच जास्त लागलं. शाळेत त्या कुणाशी बोलेनात, मधल्या सुट्टीतलं चुरमुऱ्यांचं गिरमीट तसंच पडून राही. पीटीच्या तासाला सगळ्या वर्गाला जागच्या जागी हात वर-खाली करायला लावत, पळायला कुणालाच सोडत नसत.

शेवटी मीच त्यांना मल्लेशप्पांच्या घरी घेऊन गेले. दाक्षायणी हात गळ्यात अडकवून मागाशेजारी बसली होती.

"चुकलं गं माझं," अक्कोरू म्हणाल्या. "मी दोरी बघायला हवी होती."

"तुम्ही कशाला? मी बघायला हवी होती," दाक्षायणी म्हणाली. "पण ती बघायची असते हे तुम्ही कुठं सांगितलंत? नुसतं पळायला सांगितलंत."

मल्लेशप्पांचा माग थांबला. अक्कोरूंनी विचारलं, "पुन्हा पळशील?"

"पळेन. पण आधी सगळं चाचपणार. खांब, गाठ, सगळं. मग कडी धरणार."

हाड जुळल्यावर मल्लेशप्पा स्वतः शाळेत आले आणि पोरीला पळू द्या म्हणाले. हिरेमठ आढेवेढे घेत होते. शेवटी बाप समोर उभा राहणार असेल तरच, या अटीवर तयार झाले आणि दोरी पुन्हा ताणली गेली. तेव्हापासून पीटीच्या तासाला मल्लेशप्पा माग सोडून यायचे आणि खांबाशी उभे राहायचे.

दाक्षायणी आधी दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवायची, गाठ ओढून बघायची, तिथून खांबापर्यंतचं अंतर पावलांनी मापायची. मग पळायची. पण पहिल्यासारखी नाही. अर्धी दोरी ओलांडली की तिचा वेग आपोआप उतरायचा, कधी कधी गाठीच्या कितीतरी आधीच ती थबकायची.

एकदा मी अक्कोरूंना म्हटलं, "बरं झालं, पुन्हा पळायला तरी लागली."

"आधी तिला भीती माहीत नव्हती, सुमंगला," त्या म्हणाल्या. "ती मी शिकवली."

मैदानावर दाक्षायणी पुन्हा दोरी चाचपत होती. अक्कोरू तिच्या मागोमाग गेल्या आणि तिनं हात उचलताच तीच गाठ स्वतः ओढून बघू लागल्या.