धरणाचं पुस्तक आणि कात्रजचा धोंडिबा

ट्रक निघाला तेव्हा आमच्या घराला दार नव्हतं. दार, चौकट, आढ्याचं लाकूड, सगळं आम्हीच उपसून ट्रकात घातलं होतं. धरणाच्या पाण्याला ते फुकट का द्यायचं? आई म्हणाली, "मागं बघू नका." मी बघितलं.

गावकऱ्यांनो, तुमच्यातले निम्मे पुनर्वसनाच्या माळावर गेले, काही माझ्यासारखे पुण्यात आले. मी स्वारगेटला हमाली केली, बिबवेवाडीत घर केलं. कुणापुढं हात पसरला नाही.

आता सून मंजिरी माझ्या नातीला, सईला, शाळेत घालत नाही. घरीच शिकवते, होमस्कूलिंग म्हणतात. मी चौथीतून पळालो तर आईनं झोडपलं होतं. इथं आईनंच शाळा सोडवलीय. इतिहासाला एक ठरलेलं पुस्तक नाही, वाचायच्या पुस्तकांची यादी. ती येते मोबाइलच्या ग्रुपवरून, असल्याच दुसऱ्या आयांकडून. कोण कुठल्या, देव जाणे. म्हणून प्रत्येक पुस्तक आलं की मी विचारतो, लिहिणारा कुठला? त्याचं काय गेलं होतं?

मध्यंतरी धरणांवरचं एक आलं. सईनं वाचून दाखवलं. आमच्या धरणानं किती रान भिजलं, त्यावर दोन पानं. आमच्यावर एक ओळ: गावकऱ्यांनी आनंदानं जमिनी दिल्या.

"हे यादीतून काढ," मी मंजिरीला म्हणालो.

"काढत नाही, आबा. त्याच्या शेजारी तुमचं सांगणं ठेवू. पण तुमचंही एकट्याचं चालणार नाही. बांधाचा दगड रोवताना दोन्हीकडचे मालक उभे लागतात, हे तुम्हीच सांगता ना?"

शिकलेल्या बाईला काही सांगू नये म्हणतात, ते असं.

आमच्या बांधापलीकडचा म्हणजे धोंडिबा. आता कात्रजला लेकाकडं असतो. संमतीच्या कागदावर पहिली सही त्यानं केली, म्हणून गाव सुटल्यापासून मी त्याच्याशी बोललो नव्हतो. पण न जावं, तर पोरीच्या लेखी ती एक ओळच खरी राहणार. सईला घेऊन गेलो.

सईनं आधी सहीचंच विचारलं.

"केली, हाय खरं," धोंडिबा म्हणाला. "सहीला मागं राहील त्याला बदल्यात खडकाळ रान मिळंल, असं सायेब म्हणला. पर ट्रकात पयला कोण चढला, ते इचार तुझ्या आजाला."

"आईला जागा धरायची होती," मी म्हणालो.

"आन् ह्यांच्या हिरीचं पाणी ग्वाड व्हतं म्हनून सांगितलं आसंल. मचूळ व्हतं."

"गोड होतं."

"मचूळ."

सई दोघांचंही लिहून घेत होती. मग तिनं विचारलं, जमिनी आनंदानं दिल्या का? त्यावर मात्र दोघांच्या तोंडून एकदमच "नाही" आलं. धोंडिबानं माझ्याकडं बघितलं, मी खिडकीकडं.

पुण्यात इतकी वर्षं मी गावाबद्दल काहीही सांगितलं, लोकांनी माना डोलावल्या. मला खोटं पाडील असा माणूसच इथं नव्हता. तो कात्रजला बसला होता. घर कुठं म्हणाल, तर आता तिथं. रविवारी जातो, भांडतो, चहा पिऊन येतो. त्यानं सांगितलेल्या सहीच्या कारणावर माझा अजून विश्वास नाही. आणि पाणी गोडच होतं.