नेहमीसारखा रविवार

त्या रविवारी सकाळी माझ्या पाकिटात पाचशेची एक नोट होती आणि शर्टाच्या खिशात थोडी चिल्लर. याखेरीज आमच्या नावावर कुठंही एक पैसा उरलेला नाही, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक मी, आणि दुसरा व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दीत बसणारा साहेब. बायकोला ठाऊक नव्हतं. ती पहाटेच गल्लीतल्या बायकांबरोबर चालत जोतिबाला गेली होती. जाताना तिनं चप्पल दारात काढून ठेवली, "डाळभात झाकून ठेवलाय, खावा," म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे न बघताच गेली. न बघता गेली याचं मला फार बरं वाटलं.

आधीचं सांगतो. मी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत स्टोअरकीपर होतो, नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत. सहीशिवाय एक नटबोल्ट बाहेर सोडला नाही. मालकाच्या मेव्हण्यालासुद्धा 'चिठ्ठी घेऊन या' म्हणून परत पाठवलेला माणूस मी. त्याच माणसानं निवृत्तीची सगळी पुंजी बिनचिठ्ठीची, बिनसहीची, एका आवाजाच्या हवाली केली. आता हसायचं तर हसा, मी स्वतःही हसलोय, पण बऱ्याच नंतर.

बुधवारी फोन आला. माझ्या आधार कार्डावर कुणीतरी खातं उघडलंय, त्यातून काळा पैसा फिरलाय, माझ्या नावानं वॉरंट निघालंय. मग व्हिडिओ सुरू झाला. मागे झेंडा, टेबलावर फायली, खांद्यावर चकचकीत चांदण्या. साहेब ओरडला नाही. ओरडला असता तर मीही दोन कोल्हापुरी हासडल्या असत्या. तो अगदी हळू, डॉक्टर बोलतात तसा बोलला. "चाचाजी, आप तो शरीफ आदमी लगते हो. इस उमर में जेल?" माझी पाचावर धारण बसली.

पैसे तपासणीसाठी सरकारी खात्यात ठेवायचे, तपास झाला की परत येणार, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यानं ठरवलं. कुणाला सांगायचं नाही. ज्याला सांगाल त्यालाही आत घ्यावं लागेल, बायकोला सांगितलं तर बायकोला. हे वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं ते हललंच नाही. तिला पोलिसांच्या गाडीत चढवताहेत आणि सगळी गल्ली दारात येऊन बघतेय, हे मला जेवताना दिसायचं, दात घासताना दिसायचं. मी बँकेत जाऊन ठेव मोडली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, काका, एवढी रक्कम एकदम? मी पढवल्याप्रमाणे म्हणालो, मुलगी पुण्याला असते, तिला घर घ्यायचंय. तिनं माझं अभिनंदन केलं.

शनिवारी संध्याकाळी साहेबानं सांगितलं, आता सोनं. सोमवारी बायकोच्या पाटल्या गहाण टाकायच्या, येईल ती रक्कम पाठवायची, मग प्रकरण मिटलं. उद्या सुट्टी, दुपारी फोन करतो, तोवर घरात ताकास तूर लागता कामा नये. "बिल्कुल नॉर्मल रहिए चाचाजी. जैसे हमेशा रहते हो, वैसे." आणि संशय आला कुणाला, तर गाडी पाठवावी लागेल.

पाटल्या तिच्या आईनं लग्नात घातलेल्या. यात्रेच्या गर्दीत नकोत म्हणून त्या कपाटात ठेवून ती डोंगरावर गेली होती. ती गेल्यापासून मी कपाट दोनदा उघडून पाहिलं. पाटल्या तिथंच होत्या. तिसऱ्यांदा उघडायला निघालो तेव्हा माझीच मला भीती वाटली.

तर प्रश्न त्या पाचशेच्या नोटेचा. माणसाला वाटेल, सगळं गेल्यावर पाचशेचा काय विचार करायचा. पण सगळं गेलं ना, की मन त्या एका नोटेवर येऊन बसतं. बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या होत्या, पट्टीत एकच उरली होती. फोनचं रिचार्ज संपायला आलं होतं आणि फोन बंद पडला तर साहेबाला वाटेल मी पळालो. सिलिंडर हलवून पाहिला तर हलका लागला. स्टोअरमध्ये माल संपत आला की मी एकच बघायचो, कशावाचून काम अडेल? ते आधी मागवायचं. खुर्चीत बसून मी तेच गणित मांडलं. डोकं नेहमीच्या शिस्तीत चाललंय असं मला वाटत होतं.

कशावाचून अडेल? 'नेहमीसारखं' यावाचून. आमचा रविवार म्हणजे मी, स्टीलचा डबा आणि मटणाच्या दुकानापुढची रांग. लग्न झाल्यापासून यात बदल नाही. पाऊस असो, पगार उशिरा होवो, डबा घेऊन मी जाणार, आणि दुपारी घरात रस्सा उकळणार. आज डबा रिकामा दिसला तर ती विचारणार, का नाही आणलं? मग माझ्या तोंडाकडे बघणार. माझ्या तोंडावर त्या तीन-चार दिवसांत काय काय लिहिलं गेलं होतं कुणास ठाऊक, पण तिनं ते वाचलं असतं. मग गाडी, मग गल्ली. गोळ्या उद्या बघू, रिचार्ज अजून आजचा दिवस चालेल. मी डबा घेतला आणि निघालो.

दुकानापुढं रांग चांगलीच लहान होती. देव पावला म्हटलं, लवकर सुटका होईल. माझा नंबर आला तेव्हा दुकानदारानं सुरी हातात तशीच धरून माझ्याकडे पाहिलं.

"मामा, आज तुमी? कसं काय?"

याला कसं कळलं? कुणी सांगितलं? "का? आज काय झालं?" मी विचारलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"काय न्हाय, आपलं सहज इचारलं. किती देऊ?"

"अर्धा किलो. नेहमीसारखं." मागचे राहिलेले पैसे धरून पाचशेची नोट त्यानं ठेवून घेतली.

परत येताना मी रोजची वाट सोडून मागच्या बोळातून आलो. कोपऱ्यावर एक पांढरी गाडी उभी होती आणि तिच्यात दोघं जण बसून वडापाव खात होते. वडापाव खाणारे पोलीसही असतातच की. दुकानदाराचं ते 'आज तुमी' डोक्यात फिरत होतं. घरात शिरलो, कडी लावली, डबा ओट्यावर ठेवला आणि फोन समोर घेऊन बसलो. पाणी प्यायचीसुद्धा आठवण झाली नाही.

फोनच्या आधी ती आली.

मी कडी काढली तशी ती म्हणाली, "दिवसाढवळ्या कडी कशाला?" कपाळभर गुलाल, केसात गुलाल, हातात खोबऱ्याच्या वाट्यांची पुडी. तिनं मागच्या नळावर पाय धुतले, देवापुढं पुडी ठेवली आणि पाणी प्यायला ओट्याकडे गेली. मग आवाजच आला नाही. मी मान वळवून पाहिलं तर ती डब्याचं झाकण हातात धरून उभी होती.

"हे काय हाय?"

"मटण."

"मटण?"

"रविवार हाय की आज."

ती माझ्याकडे वळली. "खेट्याचा रविवार हाय."

माघात जोतिबाचे खेटे असतात. ओळीनं पाच रविवार कोल्हापुरातली माणसं अनवाणी चालत डोंगरावर जातात, आणि आमच्यासारख्या घरांत त्या पाच रविवारी मटण सोडाच, अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही. गुडघे धरायच्या आधी मीसुद्धा तिच्याबरोबर जायचो. ती अनवाणी निघाली ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. डाळभात झाकून ठेवलाय हे कानांनी ऐकलं होतं. दुकानापुढची लहान रांग, दुकानदाराचा प्रश्न, सगळं एका दमात माझ्या ध्यानात आलं. नेहमीसारखं वागायला म्हणून मी जे केलं होतं, ते आमच्या घरात आजवर कधीच झालं नव्हतं.

मला वाटलं आता ती देवाच्या नावानं बोंब ठोकणार. ती ओरडली नाही. झाकण ठेवून सरळ माझ्यापुढं आली आणि माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"हसून दावा."

"काय?"

"हसा म्हंतो न्हवं! दात दावा."

तिच्या थोरल्या भावाला अर्धांगवायूचा झटका आला होता, तेव्हा डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना शिकवलं होतं. हसायला लावायचं, तोंड वाकडं होतंय का बघायचं. तिला वाटलं होतं, मेंदूत काहीतरी झाल्याशिवाय हा माणूस खेट्याला मटण आणणार नाही. मी कसेबसे दात दाखवले. तिचे डोळे माझ्या तोंडावरून हलत नव्हते, आणि त्यात राग नव्हता, नुसती भीती होती. माझ्याइतकीच.

"आता दोनी हात वर करा."

मी दोन्ही हात वर केले. चार दिवस ज्या अटकेला मी भीत होतो ती अशी माझ्याच स्वयंपाकघरात झाली. हात वर धरलेले असतानाच मला रडू फुटलं. तोंडावर हात घ्यावा हेही सुचलं नाही.

मग सगळं सांगितलं. वॉरंट, साहेब, बँक, पाटल्या. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "समदं?"

"समदं."

ती माझ्याशेजारी फरशीवर बसली. मी तिचा हात धरला तर तो माझ्या हातापेक्षा गार. मला धीर द्यायला तिच्याजवळही काही नव्हतं. आम्ही दोघं तसेच बसलो होतो आणि फोन वाजला.

मी उठायच्या आत तिनं तो घेतला. पडद्यावर वर्दी, झेंडा, चांदण्या. "चाचाजी कहाँ हैं?" तो हळू आवाज आला. तिच्या कपाळावरचा गुलाल पाहून तो जरा थांबला असावा.

"पावणं," ती म्हणाली, आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "पैसं समदं तुमच्याकडं पोचलं. आता घरात अर्धा किलो मटण ऱ्हायलंय, ते बी आज आमाला चालत न्हाय. तुमी गाडी धाडणार हुता न्हवं? धाडा. आमी हितंच हाय."

त्याला यातलं किती कळलं कुणास ठाऊक. पण त्याचं तोंड पडलं आणि त्या क्षणी मला दिसलं की हा वर्दीतला साहेब माझ्या मुलीपेक्षाही लहान असेल. मग पडदा काळा झाला. पुन्हा वाजला तेव्हा तिनं फोन उशीखाली दाबून ठेवला.

माझी भीती गेली असं वाटत असेल तर तसं नाही. मला वाटलं, आता गाडी खरंच येणार. ती म्हणाली, "उठा. पोलिसात जायाचं." मी म्हणालो, "अगं, तेच तर येणार आहेत." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून चप्पल घातली.

"रिक्षाला पैसं हायत?"

"मटणात गेले."

तिनं डबा उचलला आणि शेजारच्या भाभींच्या हातात दिला. "आज आमच्यात चालत न्हाय, तुमी शिजवा," एवढंच बोलली. खिशातल्या चिल्लरीत तिच्या गोळ्यासुद्धा आल्या नसत्या. आम्ही चालत निघालो. रस्त्यात मागून गाडी आली की मी थांबायचो आणि ती माझा दंड धरून पुढं काढायची. पोलीस ठाण्याच्या पायरीशी मात्र माझे पाय उचलेनात. आत खुर्चीवर तोच बसला असेल तर? "असला तर बरंच हाय की," ती म्हणाली आणि मला वर घेऊन गेली.

खुर्चीवर एक थोराड, दमलेला हवालदार होता. त्यानं पाणी दिलं, सगळं विचारलं, एकीकडे फोन लावून खाती थांबवायला सांगितली. त्यातले थोडे पैसे पुढं परत आले, बरेचसे आले नाहीत. पाटल्या अजून आहेत. अनोळखी नंबर आला की माझे तळहात आजही ओले होतात आणि मी फोन तिच्याकडे देतो.

लिहिता लिहिता हवालदाराची नजर खाली गेली. तेव्हा माझंही लक्ष गेलं. तिनं चप्पल घातलीच नव्हती. पहाटे दारात काढलेली चप्पल तिथंच राहिली होती, आणि डोंगर चढून उतरून आलेली ती तशीच माझ्याबरोबर इथवर चालत आली होती.

"ताई, अनवाणी?"

"जोतिबाला गेलतो."

त्यानं मान हलवली आणि पुढचा प्रश्न मला विचारला. "फसवणूक होतेय हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

मी काय सांगू? माझ्या लक्षात आलंच नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं.

"लिवा," ती म्हणाली, "खेट्याच्या रविवारी ह्यांनी मटण आणलं, तवा."

हवालदारानं पेन थांबवलं, आळीपाळीनं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि तसंच लिहून घेतलं.